एसएफसी म्हणतंय काही फाइल्स दुरुस्त होत नाहीत, डिसमही अडतंय; फॉरमॅट टाळता येईल का?

रात्रपाळी

विंडोज ११ प्रो, आवृत्ती २४एच२, बिल्ड २६१००. मासिक अपडेट लागत असताना बॅटरी संपली आणि लॅपटॉप मध्येच बंद पडला. मशीन चालू होतंय, पण स्टार्ट मेनू मनात आलं तर उघडतो, सेटिंग्ज उघडलं की लगेच मिटतं, आणि पुढचं अपडेट शेवटाकडे जाऊन "बदल मागे घेत आहोत" म्हणत परत फिरतं.

आतापर्यंत केलेलं: अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून एसएफसी /स्कॅननाऊ (सिस्टीम फाइल्स तपासणारी विंडोजची कमांड). निकाल, खराब फाइल्स सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. मग डिसम या विंडोजच्याच दुरुस्ती-टूलची रिस्टोरहेल्थ कमांड. ती ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ बसून राहिली आणि ०एक्स८००एफ०८१एफ देऊन संपली. २३एच२ ची आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कची फाइल) जवळ होती, ती सोर्स म्हणून दिली, तरी तीच एरर.

मशीनला बांधलेल्या लायसन्सची दोन-तीन सॉफ्टवेअर आहेत, ती पुन्हा चालू करून घेणं कटकटीचं आहे, म्हणून फॉरमॅट नकोय. विचारायचंय ते असं: या कमांड्सचा योग्य क्रम काय, आयएसओ नेमकी कोणती लागते, आणि कुठली फाइल बिघडली आहे ते कुठे दिसतं?

बिटफ्लिप

फाइल्सच्या मागे लागण्याआधी डिस्क आणि रॅम तपासा. डिस्कच जात असेल तर प्रत्येक दुरुस्ती नव्या खराब सेक्टरवर लिहिली जाईल, आणि रॅम खराब असेल तर एसएफसी दर वेळी वेगळ्याच फाइल्सची नावं सांगेल. यादी सतत बदलत असेल तर संशय आधी रॅमवर घ्या.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो टाका. हार्ड डिस्क असेल तर ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळींचा रॉ आकडा शून्य हवा. सी५ वाढत असेल तर आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर. सी७ वाढत असेल तर डिस्कपेक्षा केबलचा दोष असण्याची शक्यता जास्त. एनव्हीएमई एसएसडीला या ओळी नसतात. तिथे "मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स" आणि "अव्हेलेबल स्पेअर" बघा.

मग फाइल सिस्टीम (टाइप करताना नाव chkdsk):

चेकडिस्क सी: /स्कॅन

ही चालू विंडोजमध्येच होते. काही सापडलं तर /एफ देऊन रीस्टार्ट. /आर उगाच देऊ नका. तो पूर्ण डिस्क वाचतो, मोठ्या हार्ड डिस्कवर तासन्‌तास लागतात, आणि मरायला टेकलेली डिस्क त्या ताणानेच जाऊ शकते.

रॅमसाठी एमडीशेड चालवा. ती चाचणी सौम्य आहे. तिने पास केलं तरी शंका असेल तर मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर.

मूळसंच

बिटफ्लिप यांचं झालं की पुढचं वाचा. एक सूचना: इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप रोमन अक्षरांत करायच्या, आणि प्रत्येक स्लॅशच्या आधी एक स्पेस.

एसएफसी आणि डिसम ही एकाच कामाची दोन हत्यारं नाहीत. विंडोज आपल्या सगळ्या भागांच्या मूळ प्रती सी:\विंडोज\विनएसएक्सएस या फोल्डरात ठेवतं, त्याला कंपोनंट स्टोअर म्हणतात. एसएफसी सिस्टीम फाइल तपासतं आणि बिघडली असेल तर या स्टोअरमधून चांगली प्रत आणतं. स्टोअरमधली प्रतच खराब असेल तर ते हात वर करतं, आणि तुम्हाला आलेला निकाल नेमका हाच आहे. डिसमचं रिस्टोरहेल्थ स्टोअर दुरुस्त करतं, त्यासाठी माल विंडोज अपडेटवरून किंवा तुम्ही दिलेल्या सोर्समधून घेतं. म्हणून क्रम आधी डिसम, मग एसएफसी. डिसम यशस्वी झाल्याशिवाय एसएफसी पुन्हा पुन्हा चालवण्यात काही हशील नाही.

डिसमच्या तीन पायऱ्या:

डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /चेकहेल्थ
डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /स्कॅनहेल्थ
डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ

चेकहेल्थ काहीच तपासत नाही, आधी कधी बिघाडाची नोंद झाली आहे का एवढंच बघून दोन सेकंदांत उत्तर देतं. त्याने "बिघाड नाही" म्हटलं म्हणून थांबू नका. खरी तपासणी स्कॅनहेल्थ करतं. ६२.३ टक्क्यांवर अडकल्यासारखं दिसणं नेहमीचंच आहे, तिथे खिडकी बंद करू नका. काम चालू आहे का ते बघायचं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये टीआयवर्कर या प्रोसेसची डिस्क हालचाल बघा.

आता तुमची एरर. ०एक्स८००एफ०८१एफ म्हणजे "दिलेल्या ठिकाणी मला हव्या त्या आवृत्तीची फाइल नाही". तुमचं मशीन २६१०० आणि २३एच२ ची आयएसओ २२६३१ ची, ती चालणार कशी? दोन्हीला विंडोज ११ म्हणतात एवढंच साम्य. बिल्ड, भाषा, आर्किटेक्चर तिन्ही जुळायला हवं, आणि इमेजमधला इंडेक्स, म्हणजे क्रमांक, तुमच्या एडिशनचा (होम, प्रो वगैरे) हवा.

योग्य आयएसओ मिळाली की डबल क्लिक करून माउंट करा. समजा ती ई: झाली. सोर्सेस फोल्डरात विंडोजची इमेज इन्स्टॉल.विम आहे की इन्स्टॉल.ईएसडी ते बघा. मीडिया क्रिएशन टूलने केलेली असेल तर बहुधा ईएसडी. मग इंडेक्स शोधा:

डिसम /गेट-विमइन्फो /विमफाइल:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम

यादीत प्रोसमोर जो आकडा असेल तो घ्या. नेटवरच्या लेखांत सगळीकडे १ लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच आयएसओंमध्ये १ म्हणजे होम. नंतर:

डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ /सोर्स:विम:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम:६ /लिमिटअॅक्सेस

६ च्या जागी तुमचा इंडेक्स. फाइल ईएसडी असेल तर दोन्हीकडे विमऐवजी ईएसडी लिहायचं. इथे चुकलं तरी हीच एरर येते आणि माणूस आयएसओ बदलत बसतो. लिमिटअॅक्सेस दिलं की डिसम विंडोज अपडेटकडे जात नाही. अपडेट सेवा ठीक असेल तर ते न देणं बरं, म्हणजे आयएसओत नसलेलं काही असेल तर तिकडून येईल.

आणि एक अडचण, जी लोकांच्या लक्षात येत नाही. बिल्ड २६१०० जुळलं तरी त्यापुढचा आकडा राहतो. विनव्हर चालवलं की २६१००.अमुक असं दिसतं. दर मासिक अपडेटला तो पुढे सरकतो. बिघडलेली फाइल जर ताज्या अपडेटमधून आलेली असेल तर जुन्या २६१०० च्या आयएसओत ती नसणारच. त्यामुळे आधी लॉग वाचा, मगच पाच-सहा जीबी उतरवा.

मूळसंच

लॉग कसा वाचायचा ते राहिलं. एसएफसीच्या ओळी सी:\विंडोज\लॉग्ज\सीबीएस\सीबीएस.लॉग मध्ये [एसआर] अशी खूण घेऊन असतात:

फाइंडस्ट्र /सी:"[एसआर]" %विनडिर%\लॉग्ज\सीबीएस\सीबीएस.लॉग > सी:\एसएफसी.टीएक्सटी

त्या फाइलमध्ये "कॅनॉट रिपेअर मेंबर फाइल" शोधा, पुढे फाइलचं नाव असतं. डिसमचा सारांशही त्याच सीबीएस.लॉगमध्ये शेवटी येतो: एकूण किती बिघाड सापडले, किती दुरुस्त झाले. त्याच्या वर "सीएसआय पेलोड करप्ट" अशा ओळी असतात. त्यात कंपोनंटचं लांबलचक नाव असतं, आणि नावात १०.०.२६१००.अमुक अशी आवृत्ती. तो शेवटचा आकडा लिहून घ्या. ओळीत "फिक्स्ड" असेल तर तो भाग दुरुस्त झालाय.

सीबीएस.लॉग कमांड संपल्या संपल्या बघा. मोठा झाला की विंडोज तो कॅब करून बाजूला टाकतं आणि नवा सुरू करतं.

जुनाडॉस

एवढा खटाटोप कशाला? २४एच२ ची ताजी आयएसओ उतरवा, चालू विंडोजमधूनच सेटअप चालवा, "फाइल्स आणि अॅप्स ठेवा" निवडा. तासा-दीड तासात सगळं नवं. लॉग वाचत बसण्यापेक्षा बरं.

मूळसंच

@जुनाडॉस, तो शेवटचा उपाय म्हणून उत्तमच आहे आणि अर्धवट लागलेल्या अपडेटच्या बाबतीत अनेकदा तोच करावा लागतो. पण चार फाइल्ससाठी अख्खी सिस्टीम बदलायची तर ड्रायव्हर, सेवांची सेटिंग्ज, काही सॉफ्टवेअरचं अॅक्टिव्हेशन यांना धक्का बसू शकतो, आणि प्रश्नकर्त्याला नेमकी लायसन्सचीच काळजी आहे. आधी अर्धा तास लॉगला द्यायला काय हरकत आहे.

रात्रपाळी

डिस्क एनव्हीएमई आहे, इंटेग्रिटी एरर्स शून्य, चेकडिस्क स्वच्छ, मेमटेस्टही पास. लॉगच्या सारांशात बिघाड ४, दुरुस्त ०. चारही नावांत शेवटचा आकडा माझ्या विनव्हरमधल्या आकड्याशी तंतोतंत जुळतोय. म्हणजे जुनी आयएसओ उपयोगाची नाही, बरोबर ना? त्या केबीची (क्रमांकित अपडेटची) एमएसयू ही पॅकेज फाइल मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवरून उतरवून, फोडून, ते फोल्डर सोर्स म्हणून दिलं तर चालेल का?

मूळसंच

एमएसयू फोडून चालणार नाही. हल्लीच्या मासिक अपडेटमध्ये पूर्ण फाइल्स नसतात, मूळ आवृत्तीपासूनचे फरक असतात. तुम्हाला योग्य नावाचं फोल्डर दिसेल, आत एफ आणि आर अशी उपफोल्डरं असतील, आणि त्यातल्या काही किलोबाइटच्या वस्तूला डिसम हातही लावणार नाही. उघडून चांगल्या जागी कॉपी करायचं तर मुळीच नको.

दोन मार्ग उरतात.

पहिला, त्याच बिल्डचं, त्याच शेवटच्या आकड्याचं आणि त्याच भाषेचं दुसरं धडधाकट मशीन मिळालं तर त्याचं विंडोज फोल्डरच सोर्स होतं:

डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ /सोर्स:\\दुसरंमशीन\विंडोज /लिमिटअॅक्सेस

इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. घरगुती मशीनवर सी$ हा छुपा शेअर स्थानिक खात्याला सहसा उघडत नाही, "अॅक्सेस डिनाइड" येतं. तेव्हा विंडोज फोल्डर फक्त वाचण्यापुरतं शेअर करा आणि काम झालं की शेअर काढून टाका. दुसरं म्हणजे एक्सप्लोररमध्ये मॅप केलेलं झेड: ड्राइव्ह अॅडमिन प्रॉम्प्टला दिसत नाही. म्हणून ड्राइव्हचं अक्षर न देता \\ पासूनचा पूर्ण पत्ता द्या, आणि त्याआधी त्याच अॅडमिन खिडकीत नेट यूज करून लॉगिन करून घ्या.

दुसरा, २६१०० च्या आयएसओमध्येच ते अपडेट मुरवायचं. ईएसडी माउंट होत नाही, त्यामुळे आधी तिचं विम करा:

डिसम /एक्स्पोर्ट-इमेज /सोर्सइमेजफाइल:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी /सोर्सइंडेक्स:६ /डेस्टिनेशनइमेजफाइल:सी:\दुरुस्ती\इन्स्टॉल.विम /कॉम्प्रेस:मॅक्स /चेकइंटेग्रिटी

आधीच विम असेल तर ती सी:\दुरुस्ती मध्ये कॉपी करा आणि गुणधर्मांतलं "रीड-ओन्ली" काढा, नाहीतर पुढची पायरी परवानगी नाही म्हणेल. मग:

डिसम /माउंट-इमेज /इमेजफाइल:सी:\दुरुस्ती\इन्स्टॉल.विम /इंडेक्स:१ /माउंटडिर:सी:\माउंट
डिसम /इमेज:सी:\माउंट /अॅड-पॅकेज /पॅकेजपाथ:सी:\केबी\अपडेट.एमएसयू

एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये एकच इमेज असते, म्हणून तिथे इंडेक्स १. नुसती कॉपी केली असेल तर मूळचाच. २४एच२ पासून चेकपॉइंट पद्धत आली आहे, म्हणजे ताज्या अपडेटच्या आधी एखादं जुनं चेकपॉइंट अपडेट लागतं. कॅटलॉग डाउनलोडच्या खिडकीत एकापेक्षा जास्त एमएसयू दाखवत असेल तर सगळ्या एकाच फोल्डरात उतरवा आणि कमांडमध्ये फक्त ताज्या एमएसयूचं नाव द्या, बाकीच्या डिसम स्वतः उचलतं. सी:\माउंट आणि सी:\दुरुस्ती ही फोल्डरं आधी बनवलेली असावीत, आणि डिस्कवर पंचवीसेक जीबी मोकळे हवेत.

अपडेट लागलं की सोर्स म्हणून थेट माउंट केलेलं फोल्डर द्या: /सोर्स:सी:\माउंट\विंडोज /लिमिटअॅक्सेस. सगळं झाल्यावर:

डिसम /अनमाउंट-इमेज /माउंटडिर:सी:\माउंट /डिसकार्ड

माउंट फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडं असेल तर अनमाउंट अर्धवट राहतं. मग डिसम /क्लीनअप-माउंटपॉइंट्स.

बिटफ्लिप

एक भर. ऑफिसचं मशीन असेल तर अपडेट कंपनीच्या डब्ल्यूएसयूएस या अपडेट सर्व्हरवरून येतात आणि रिस्टोरहेल्थला तिथे दुरुस्तीचा माल मिळत नाही, बहुधा ०एक्स८००एफ०९०६ दिसतं. ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टीम इथे "ऑप्शनल कंपोनंट इन्स्टॉलेशन अँड कंपोनंट रिपेअर" ही सेटिंग आहे. ती चालू करून दुरुस्तीचा माल थेट विंडोज अपडेटवरून घ्यायच्या पर्यायावर टिक करा.

आणि एसएफसीने "रिपेअर सर्व्हिस सुरू करता आली नाही" म्हटलं तर फाइल्सना दोष नका देऊ. कुठल्यातरी "स्पीड वाढवा" छाप टूलने विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर बंद केलेला असतो:

एससी कॉन्फिग ट्रस्टेडइन्स्टॉलर स्टार्ट= डिमांड

बरोबरच्या चिन्हानंतर एक स्पेस द्यायला विसरू नका.

पानटपरी_नाही

स्टार्ट मेनू आणि सेटिंग्जचा त्रास सिस्टीम फाइल्समुळेच आहे हे कशावरून? ही दोन्ही अॅप्स आहेत, त्यांचा डेटा युझर प्रोफाइलमध्ये असतो, आणि एसएफसी प्रोफाइलकडे बघतही नाही. रजिस्ट्रीच्या मूळ फाइल्सही ते दुरुस्त करत नाही. नवीन खातं करून बघा:

नेट युझर चाचणी /अॅड

त्या खात्यात शिरून स्टार्ट मेनू नीट चालला तर बिघाड तुमच्या प्रोफाइलमध्ये. मग पॉवरशेलमध्ये फक्त त्या अॅपचा डेटा नव्याने मांडा:

गेट-अॅपएक्सपॅकेज *स्टार्टमेनूएक्सपिरियन्सहोस्ट* | रिसेट-अॅपएक्सपॅकेज

सेटिंग्जसाठी नावात *इमर्सिव्हकंट्रोलपॅनल*. सगळीच अॅप्स एका दमात पुन्हा रजिस्टर करणारी लांबलचक कमांड नेटवर फिरते, ती टाळा. लाल एररची रांग लागते आणि नेमकं काय बदललं ते कळत नाही.

डीएलएल विकणाऱ्या-वाटणाऱ्या साइट्सवरून एकही फाइल घेऊ नका. तिची सही आणि आवृत्ती स्टोअरशी जुळत नाही, आणि आत काय आहे ते देव जाणे.

कोराकन्सोल

माझ्याकडे याच प्रकारात विंडोज चालूच होत नाहीये, निळ्या रिकव्हरी स्क्रीनपाशीच थांबतं. तिथून हे सगळं होतं का?

मूळसंच

होतं, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. पण तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात. प्रॉम्प्ट एक्स: दाखवतो आणि तुमचं सी: कदाचित डी: झालेलं असतं. डिस्कपार्ट, मग लिस्ट व्हॉल्यूम, आणि आकारावरून ओळखा. बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की लागेल:

मॅनेज-बीडीई -अनलॉक डी: -रिकव्हरीपासवर्ड की

अपडेट अर्धवट राहिल्याने अडकलं असेल तर सगळ्यात आधी हे:

डिसम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअॅक्शन्स

नुसत्या याने अनेक मशीन सुरू होतात. त्यासाठी विनएसएक्सएसमधली पेंडिंग.एक्सएमएल हाताने उडवायचा सल्ला मिळतो, तो घेऊ नका; स्टोअरची नोंद आणि प्रत्यक्ष फाइल्स यांचा मेळ तुटतो. सुरू नाहीच झालं तर:

एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=डी:\ /ऑफविनडिर=डी:\विंडोज

आणि डिसमसाठी /ऑनलाइनच्या जागी /इमेज:डी:\, सोर्स पेनड्राइव्हवरून, शिवाय /स्क्रॅचडिर:डी:\स्क्रॅच. एक्स: हा रॅममधला चिमुकला ड्राइव्ह आहे, स्क्रॅचडिर न दिल्यास जागा संपली म्हणून डिसम मध्येच थांबतं. डी:\स्क्रॅच आधी बनवून ठेवा.

जुनाडॉस

हे सगळं करून दमलात तर माझ्या उपायाच्या अटी लिहून ठेवतो. सेटअप चालू विंडोजच्या आतूनच सुरू करायचं. पेनड्राइव्हवरून बूट केलं तर अॅप्स ठेवायचा पर्यायच मिळत नाही. आयएसओची भाषा आणि एडिशन तीच, आवृत्ती तीच किंवा नवी. "फाइल्स आणि अॅप्स ठेवा" हा पर्याय फिकट दिसला तर तिथेच थांबा, पुढे गेलात तर अॅप्स जातील. आधी मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: चालवून बिटलॉकर तात्पुरतं थांबवा आणि बाहेरचा अँटीव्हायरस काढून ठेवा. फसलं तर सी:\$विंडोज.~बीटी\सोर्सेस\पँथर मधली सेटअपएर.लॉग बघा. जुनी विंडोज दहा दिवस विंडोज.ओल्डमध्ये राहते, तेवढ्यात परत फिरता येतं.

आयएसओही नको असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे "फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट" आहे, तेच काम नेटवरून करतं. त्याच पानावरच्या "रिसेट धिस पीसी" शी गल्लत नको. तिथे "माझ्या फाइल्स ठेवा" निवडलं तरी बाहेरून टाकलेली सगळी सॉफ्टवेअर उडतात, आणि डेस्कटॉपवर त्यांची यादी तेवढी उरते.

रात्रपाळी

त्याच आकड्याचं दुसरं मशीन मिळालं, फोल्डर शेअर करून सोर्स दिला. बिघाड ४, दुरुस्त ४. मग एसएफसीने खराब फाइल्स सापडल्या व दुरुस्त झाल्या असं सांगितलं, रीस्टार्टनंतर पुन्हा चालवल्यावर काहीच सापडलं नाही. अडलेलं अपडेटही लागलं. सेटिंग्ज ठीक, स्टार्ट मेनूला मात्र रिसेट-अॅपएक्सपॅकेज लागलंच. आता विनएसएक्सएस २० जीबीच्या वर दिसतंय, साफ करू का?

मूळसंच

एक्सप्लोरर तो आकडा फुगवून दाखवतो, कारण आतल्या बऱ्याच फाइल्स सिस्टम३२ मधल्या त्याच फाइल्सच्या हार्ड लिंक असतात आणि दोनदा मोजल्या जातात. खरा आकार:

डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /अॅनालाइझकंपोनंटस्टोअर

तिने साफसफाई सुचवली तर शेवटी /स्टार्टकंपोनंटक्लीनअप द्या. /रिसेटबेस जोडू नका. त्यानंतर आता लागलेली अपडेट काढता येत नाहीत, आणि नुकत्याच सावरलेल्या मशीनवर ती सोय महिनाभर तरी हाताशी राहू द्या. शेअर काढलात ना?